एकसष्टावी गाय

साठ गायींखाली दिवसातून दोनदा उकिडवं बसून ओर्विल केगीचे गुडघे जात्यासारखे करकरायला लागले होते. पण डॉक्टरकडे जाईल तर शपथ. तो गायी विकायला सांगेल, ही धास्ती. म्हणून गुरांची डॉक्टर डोलोरेस लंगड्या गायी बघायला त्याच्या विस्कॉन्सिनच्या गोठ्यात आली, तेव्हा हा पठ्ठ्या हळूच म्हणाला, “अजून एक आहे. म्हातारी. बसली की उठवत नाही तिला.”

“दाखव.”

“कुरणात गेलीय.”

डोलोरेसनं खुरावरून नजर हलवली नाही. “कॉफी पिते का ही?”

“चार कप,” ओर्विलची बायको वेरेना दारातून म्हणाली. “वर माझ्यावरच खेकसते.”

“तीन आठवडे सिमेंटवर पाय नाही,” डोलोरेसनं फर्मावलं. “ मऊ पेंढ्यावर झोपवा. नाहीतर खाटकाचा ट्रक बोलवा.”

माणसांचा डॉक्टर सल्ला देतो, गुरांचा हुकूम सोडतो, असं ओर्विलचं शास्त्र. संध्याकाळी वेरेना एकटी धारा काढत होती आणि हा आजारी गायींच्या कप्प्यात पेंढ्यावर आडवा.

“वेरे, जरा कॉफी आण गं.”

“बाकीच्या साठजणी पाणीच पितात,” म्हणत तिनं त्याच्यापुढे बादली सरकवली.