घास उतरेना

बेलापूरच्या बाजारात मी ज्या मावशीकडून मासे घ्यायचो, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती जवळच्या दिवाळे गावाहून यायची. गिऱ्हाईक कमी झालं की पाटीमागेच फडकं सोडून भाकरी आणि सुका जवळा इतक्या चवीनं खायची, की बघणाऱ्याला भूक लागावी.

गेल्या वर्षी तिचा थोरला मुलगा होडी उलटून खाडीत बुडाला. काही आठवड्यांनी ती परत पाटीवर आली. कोयता पूर्वीसारखाच चालत होता, पण बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मधूनच ती पोट दाबून धरायची. भाकरीचं फडकं सुटतच नव्हतं.

"मावशी, डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"दाखवलं. नली घालून बगितलं. पोटान काय नाय, टेन्शन हाय म्हनतान." पापलेटावरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "त्या दिशी पोर माज्याशी भांडला. वाढलेलं ताट टाकून उपाशी गेला. आता घास घेतला का गल्याशीच अडकतं."

जिऱ्याचं पाणी घ्या, असं मी सांगणार होतो. त्याऐवजी पापलेटाचे पैसे पुढे केले.

पुढे तिच्या जागी त्या बुडालेल्या मुलाची बायको बसू लागली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, पेजही उलटून पडत होती. मुलगा गेल्यापासून त्या एकदाही रडल्या नाहीत, हे तिनंच सांगितलं.

परवा मी चौकशी केली, तेव्हा ती मासे निवडता निवडता म्हणाली, "काल आमी दोगी मिलून रडलो. मंग त्यांनी वाटीभर पेज घेतली. ती पोटात ऱ्हायली."