फायबरच्या गाडीत कोंडलेला नवरदेव

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या लग्नात गाडी करवतीने कापून बाहेर काढावं लागलं, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती. हे मी आज शांतपणे लिहितोय. तेव्हा मात्र नाव दुसऱ्याचंच घेतलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सरकारी कचेरीत मी कारकून होतो. वडिलांच्या जुन्या मोटारीचा पत्रा गंजून गेला होता. एका परदेशी मासिकात मी एक गाडी पाहिली : पुढे उघडं इंजिन, बसका टप, खिडक्या टपालपेटीच्या फटीएवढ्या! झालं. नागपूरहून तशीच फायबरची बॉडी बनवून आणली. ती इतकी पातळ होती की दार आपटलं की टप पापडासारखा थरथरायचा. आतून लाकडी सांगाडा हवाच होता.

आमच्याकडे लाकडाच्या कामात शेवटचा शब्द म्हणजे डोमाजी मिस्त्रींचा. पंचक्रोशीतल्या बैलबंड्या त्यांच्या हातच्या. बैहरच्या जंगलाकडून आणलेला साग त्यांनी हुंगला. (हो, हुंगला!)

"भाऊ, हे लाकूड ओलं हाये. एक उन्हाळा खाऊ द्या त्याले, नाही तं पीळ खाईन."

"श्यामचं लग्न पंधरा दिवसांवर येऊन राह्यलं अन् तुम्ही उन्हाळे काय मोजता, मिस्त्री?"

"बंडी असती तं हातच नसता लावला."

"हे बंडी नोहे, मोटार हाये! जबाबदारी माही!"

हे वाक्य मी छाती काढून म्हणालो होतो. डोमाजींनी मान हलवली आणि सांगाडा इतका सुरेख बसवला, की मीच आत बसून अर्धा तास उगाच हॉर्न वाजवला.

मग रंग वाळावा म्हणून मी गाडी आठ दिवस मे महिन्याच्या उन्हात ठेवली. (ओलं लाकूड भाजायचं असेल तर यापेक्षा उत्तम उपाय नाही.) लग्नाच्या दिवशी श्यामला आत बसवलं तेव्हा दार खांद्याने ढकलून लावावं लागलं.

"दादा, हे काहून अडून राह्यलं?"

"पक्कं बसलं!" मी अभिमानाने म्हणालो.

गाडी मीच चालवत होतो. मुलीच्या गावापर्यंत, म्हणजे वारासिवनीपर्यंत, इंजिनाची धग आणि वरून ऊन. मांडवासमोर पोचलो. बँड जोरात. मी दार ढकललं. हललं नाही. दुसरं ढकललं. तेही नाही! सांगाड्याने पीळ खाऊन दोन्ही दारं दाताखाली धरली होती. खिडकीतून श्यामच्या मुंडावळ्या तेवढ्या बाहेर आल्या.

"दूल्हे को उतारो भाई, मुहूरत निकला जा रहा है!" मुलीचे काका ओरडले.

"दादा, लग्न गाडीतच लावतं काय?" घामाघूम श्याम म्हणाला.

काकांनी खिडकीपाशी डोळा आणला. "ये काम किसका है?"

डोमाजी तिथेच उभे होते, नवा फेटा बांधून, वऱ्हाडात मानाने आलेले. मला ते दिसत होते. तरी मी फटीतून म्हणालो, "डोमाजी मिस्त्रीचं!"

 डोमाजींनी शेजारच्या घरातून करवत आणली आणि स्वतः बसवलेले खांब स्वतःच कापून आम्हाला बाहेर काढलं. मुहूर्त साधला. पण वऱ्हाड पांगलं तसं माझं वाक्यही गावोगावी पांगलं. त्यानंतर त्यांच्याकडे नवी बंडी सांगायला कुणी गेलं नाही.

मला जेवण गोड लागेना. पोळ्याच्या आधी एकदाचा त्यांच्या दुकानात गेलो आणि हळूच म्हणालो, "मिस्त्री, चुकलं माहं."

"हौ. पण इथं काहून सांगता? जिथं बोलले तिथं सांगा."

म्हणून डोमाजींना घेऊन पुन्हा वारासिवनी. श्यामच्या सासऱ्यांचं अंगण, काका, पंधरा-वीस पाहुणे, त्यात बंड्यांची चार-पाच गिऱ्हाइकं. मी हात जोडले. "लाकूड ओलं हाये हे मिस्त्रींनी मले सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, अन् वरून त्याइचं नाव घेतलं. मिस्त्री, माफ करा."

डोमाजींनी कानामागे हात धरला. "मागच्याइले ऐकू नाही आलं, भाऊ."

दुसऱ्यांदा मी इतक्या जोरात माफी मागितली, की शेजारचे लोक काय झालं म्हणून धावत आले, आणि डोमाजींनी त्यांच्यासाठी ती मला तिसऱ्यांदा मागायला लावली.