सरांचा बिघडलेला कॅमेरा

मोबाइलवर जाहिरात दिसली तेव्हा किंमत वाचूनच मला संशय आला. जुना रेंजफाइंडर कॅमेरा, त्याच कंपनीची, त्याच काळातली पन्नास मिलिमीटरची लेन्स, वर चामड्याची केस, आणि भाव बाजाराच्या निम्म्याहून कमी. खाली लिहिलं होतं, ‘फोकसमध्ये बिघाड आहे.’ असा कॅमेरा मी चार वर्षं शोधत होतो आणि दर वेळी पैशांशी येऊन अडत होतो. बिघाड काय, दुरुस्त करता येतो. रविवारी सकाळी वसईतल्या फ्लॅटवरून स्कूटर काढली आणि गिरीजला गेलो.

विकणारे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. गावातल्या कितीतरी लग्नांचे आणि चर्चमधले पोरांच्या पहिल्या कम्युनियनचे फोटो त्यांनी याच कॅमेऱ्याने काढलेले. व्हरांड्यातल्या टेबलावर धुतलेला नॅपकिन पसरून त्यांनी तो मांडून ठेवला होता.

“दोन वर्षं झाली, जोडी बसत नाही,” सर म्हणाले.

या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर एक लहानशी खिडकी असते. तिच्यातून पाहिलं की मधल्या पिवळसर चौकोनात वस्तू दोनदा दिसते. लेन्सची रिंग फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला.

“मुंबईला दुरुस्तीला दिला होता. तो म्हणतो, काही झालेलंच नाही. कळत काही नाही, नुसतं दुकान मांडून बसलाय.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला. वाडीच्या टोकाला, केळींच्या पलीकडे क्रूस होता. आधी दोन दिसले. रिंग फिरवली, एक झाला. मग जवळच्या खुर्चीवर पाहिलं, लांबच्या माडावर पाहिलं. कॅमेरा ठणठणीत होता. मी सरांकडे बघितलं. ते मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने माझा चेहरा शोधत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“बसते का जोडी?” त्यांनी विचारलं.

खरं सांगितलं तर भाव वाढेल, एवढंच माझ्या मनात आलं.

“नाही हो सर, बसत नाही,” मी म्हणालो. शिवाय दुरुस्तीचा खर्च माझ्याच गळ्यात पडणार म्हणून आणखी हजार रुपये उतरवले.

सर एकदम खुलले. दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, “बघ, मी काय म्हणत होतो?”

निघताना आंटी केळ्यांची फणी घेऊन फाटकापर्यंत आल्या.

“आधी दोघं येऊन गेले,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दोघांनीही तोंडावर सांगितलं, कॅमेरा चांगला आहे म्हणून. दोन्ही वेळा ह्यांनी विकायचं रद्द केलं आणि नंतर धड जेवले नाहीत. डॉक्टर म्हणतात, नजर आता परत यायची नाही. त्यांना ठाऊक आहे सगळं. पण खापर कॅमेऱ्याच्या माथी फोडलं की बरं वाटतं त्यांना. तुम्ही लगेच ओळखलंत. मनाने फार चांगले आहात.”

मला माझीच लाज वाटली. वाचवलेले हजार रुपये खिशातच होते. काढून द्यावेत असं वाटलं, पण कशाचे, ते सांगावं लागलं असतं. “थँक्यू, आंटी,” म्हणालो, केळी डिकीत ठेवली आणि घरी आलो.