साठ किलो, माणसांसाठी नाही

तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने गाडी बनवायला घेतली, तर तो आधी काय बनवेल? ब्रेक. मिस्त्रींच्या घरामागच्या शेडमध्ये पहिले तीन आठवडे बाकावर फक्त ब्रेकच होता. करंट असला की सुटणारा आणि करंट गेला की स्प्रिंगच्या जोरावर आवळणारा, लिफ्टमध्ये असतो तसाच, फक्त वीतभर.

"गाडी कुठाय?" बायकोने दारातून विचारलं.

"थांबायची सोय आधी. चालायचं मग बघू."

"तरीच लग्नाला हो म्हणायला आठ महिने लावलेत," ती म्हणाली आणि चहाचा कप ब्रेकशेजारी ठेवून गेली.

गाडी जोडीदारासाठी होती. दोघांनी एकाच कंपनीत बावीस वर्षं जोडीने काम केलं होतं. मिस्त्री सहा फूट दोन इंच, जोडीदार त्यांच्या खांद्याला जेमतेम लागणारा. कंपनीत त्यांना गच्ची आणि तळमजला म्हणत. सगळे निवृत्त होऊन पांगले, नावं मात्र या दोघांपुरती टिकली.

जोडीदाराचं घर गल्लीच्या टोकाला, चढावर. घरामागची जमीन एकदम खाली उतरते. दगड, मुरूम आणि मुळं ओलांडून तळाशी सपाटी लागते, तिथे झाडांखाली त्याच्या अकरा मधपेट्या. पेट्या उघडायचं, चौकटी बघायचं काम त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं. अडचण मध काढायच्या दिवसांत येते. भरलेली एकेक पेटी वीस किलोची आणि ती वर घरात आणावी लागते. जोडीदाराचा डावा गुडघा वाकत नाही. वहिनींची पाठ दोन वर्षांपासून कुरकुरत होती. "आमच्यात मिळून एक धड पाठ आणि तीन धड गुडघे," जोडीदार म्हणायचा, "पण ते एका माणसात नाहीत."

हंगामाच्या सुरुवातीला त्याने सांगून टाकलं, "या वेळचा मध काढला की पेट्या देऊन टाकतो. गिऱ्हाईक ठरलंय." हे सांगताना तो खिडकीतून खाली बघत होता. त्यानंतर तो हवेवर बोलला, मग गुडघ्यावर, मग पुन्हा हवेवर. मिस्त्री त्याला ओळखून होते. हा माणूस एका विषयावर सलग दोन वाक्यं बोलला नाही, तर त्याचं काहीतरी दुखत असतं.

त्या गुडघ्याचा हिशेब मिस्त्रींकडे होता. एकवीस वर्षांपूर्वी एका सात मजली इमारतीत मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभे राहून रुळांना तेल देत होते. खाली कुणीतरी पाटी न वाचता मेन स्विच वर केला आणि लिफ्ट वर निघाली. मिस्त्रींची बाही रुळाच्या पट्टीत अडकली होती, थांबवायचं लाल बटण पाठीमागे राहिलं होतं. जोडीदार वरच्या मजल्याच्या उघड्या दारात होता. त्याने टपावर उडी मारली आणि बटण दाबलं. छत दोन हातांवर राहिलं. गुडघा लोखंडी तुळईवर आपटून फुटला.

इस्पितळात मिस्त्रींनी आभार मानायला तोंड उघडलं, तेव्हा जोडीदार म्हणाला, "गच्ची कोसळली तर तळमजल्यावर कोण राहणार? स्वार्थ होता माझा." दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा त्याने झोपेचं सोंग घेतलं. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी विषय काढला नाही. पण विषय कुठे गेला नव्हता.

म्हणून गाडी. बाजारात रिमोटच्या गाड्या मिळतात, पण त्या खेळण्यातल्या. एक पेटी ठेवली की बसल्या असत्या. मिस्त्रींनी चौकोनी पाइप कापून साडेचार फुटी सांगाडा जोडला. भंगारातल्या मोटरसायकलींचे चार शॉकॲब्सॉर्बर आणले. माती वाहायच्या एकचाकी गाड्यांची खोल नक्षीची चार चाकं घेतली. विजेच्या स्कूटरच्या दोन मोटरी, त्यांची बॅटरी, मोटरीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर. रिमोट तेवढा नवा, दुकानातून. चार महिने लागले. वायरिंग इतकं नेटकं झालं की बायको म्हणाली, "माझं कपाट असं आवरून दिलंत तर मी तुमचे आभार मानेन."

शेडमध्ये फळ्यांचा चढ करून त्यांनी चाचणी घेतली. वाळूची तीस किलोची गोणी ठेवली. गाडी मांजरासारखी चढली. रिमोट बंद केला, ब्रेक कचकन बसला, गाडी चढावरच उभी. मिस्त्रींनी वहीत बरोबरची खूण केली.

गुरुवारी टेम्पोतून गाडी जोडीदाराकडे नेली. गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. जोडीदार मागच्या दारातल्या खुर्चीत पाय लांब करून बसला.

"हे काय? खाटेला चाकं लावलीस?"

"बघत राहा."

रिकामी गाडी दगडांवरून डुलत खाली गेली. वहिनींनी तीन भरलेल्या पेट्या चढवून पट्ट्याने बांधल्या. मिस्त्रींनी कळ पुढे केली. गाडी निघाली, एक तृतीयांश चढ चढली, मोटरींचा आवाज जड झाला. मग कंट्रोलर तापून बंद पडला आणि ब्रेक बसला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आणखी पाच मिनिटांनी तेच. शेवटी वहिनींनी पट्टा सोडला आणि एक पेटी कमरेवर घेऊन वर आणली. मिस्त्रींनी दोन उचलल्या.

"कितीचा भार धरला होतास?" जोडीदाराने विचारलं.

"तीस."

"पेट्या साठच्या आहेत."

"हो, साठच. म्हणून अर्धे धरले. बाकीचे अर्धे तर..." मिस्त्री थांबले.

जोडीदाराच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. "बोल ना. बाकीचे अर्धे कोण उचलतंय?"

लिफ्टमध्ये दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन, म्हणजे काउंटरवेट, लटकत असतं. लिफ्ट वर निघाली की ते खाली येतं आणि अर्धा भार तेच पेलतं. मोटरीला उरलेला अर्धाच ओढावा लागतो. तेहतीस वर्षं मिस्त्रींनी मोटर अर्ध्या भारावर निवडली होती आणि चाचणीही अर्ध्या भारावरच घेतली होती. हाताला तीच सवय.

"काउंटरवेट कुठे टांगलंयस?" जोडीदार खुर्चीत हलून हलून हसत होता. "आभाळाला? अगं, बाहेर ये! याने जमिनीवर लिफ्ट बांधलीये!"

वहिनी पाठ दाबत बाहेर आल्या आणि त्याही हसल्या. मिस्त्रींचे कान तापले. पण त्यांनी एक गोष्ट पाहिली. जोडीदाराने टेबलावरची पेन्सिल उचलली होती आणि बिलाच्या पाठीवर चेनचक्राचे दाते मोजत होता. हा एका विषयावर सलग बोलत होता.

"मोटर बदलू नकोस. मागचं चक्र दुप्पट दात्यांचं घाल. वेग अर्धा होईल, ताकद दुप्पट. घाई कुणाला आहे? मधमाश्यांना?"

शुक्रवारी मिस्त्रींनी ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन मोठी चक्रं करून घेतली. चेन लांब केली, कंट्रोलरला पंखा लावला. या वेळी गोणी साठ किलोची. बायको शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "आणखी पाच घाला. माणूस नेहमी जास्तच ठेवतो." त्यांनी पाच घातले.

शनिवारी सकाळी पुन्हा चढ. या वेळी मिस्त्रींनी रिमोट जोडीदाराच्या हातात दिला.

"मी? मला कुठे येतं?"

"मशीनरूममध्ये तूच असायचास. मी खाली गाडीपाशी राहतो."

त्यांची जुनी पद्धत होती. गाडीपाशी असलेला माणूस हुकूम देणार, वरचा तो शब्दशः परत म्हणणार, मगच हात हलणार. वहिनींनी पेट्या बांधल्या. मिस्त्रींनी पट्टा ओढून पाहिला.

"वर घे."

"वर घेतो," वरून आवाज आला.

गाडी कासवाच्या चालीने निघाली. पहिला दगड चढली. मुळावर पुढचं चाक उचललं गेलं, शॉकॲब्सॉर्बर दबला, चाक पुन्हा टेकलं. गुरुवारी जिथे बंद पडली होती ती जागा मागे गेली. अर्ध्या चढावर मिस्त्री म्हणाले, "थांब. रिमोट बंद कर. भरल्या भाराने ब्रेक बघू दे."

वरून उत्तर आलं नाही.

"अरे, बंद कर!"

"आधी बाजूला हो," जोडीदार ओरडला. आवाजात मस्करी नव्हती. "गाडीच्या खालच्या बाजूला, उतारावर उभा आहेस. बाजूला झाल्याशिवाय मी बोट लावणार नाही."

मिस्त्रींनी पायाखाली पाहिलं. खरंच खाली होते. ते चार पावलं बाजूला सरले.

"झालो बाजूला. बंद कर."

"बंद करतो."

कचकन आवाज आला. साठ किलो मध आणि गाडी चढावर खिळल्यासारखी उभी राहिली. मिस्त्रींनी वर पाहिलं. जोडीदार खुर्चीतून अर्धवट उठला होता, मान पुढे काढून. एकवीस वर्षांपूर्वी त्या दारातही तो असाच उभा असणार. मिस्त्रींनी तेव्हा पाहिलं नव्हतं, तेवढा वेळच नव्हता.

"ऐक," मिस्त्री तिथूनच म्हणाले. "त्या दिवशी तू उडी मारलीस..."

"हुकूम दे नीट. पेट्यांना ऊन लागतंय."

"देतो. आधी ऐकून घे. मी आज इथे उभा आहे तो त्यामुळे. बस, एवढंच."

पळून जायला गुडघा साथ देणार नव्हता आणि दोन्ही हातांत रिमोट घेऊन झोपेचं सोंग येत नाही.

"ऐकलं," जोडीदार म्हणाला. मग घसा खाकरून, "आता?"

"वर घे."

"वर घेतो."

रविवारी गिऱ्हाईक आलं, तेव्हा वहिनींनी त्याला दारातच मधाची बाटली दिली आणि पेट्या द्यायच्या नाहीत म्हणून सांगितलं. मागे जोडीदार रिमोट हातात घेऊन गाडीने दोन रिकाम्या पेट्या खाली पाठवत होता, त्यामुळे त्याला यायला सवड नव्हती.

गाडीच्या पुढे आता पितळेची पाटी आहे. प्रत्येक लिफ्टमध्ये असते तशी, जोडीदाराने स्वतः अक्षरं कोरलेली: भार साठ किलो. माणसांसाठी नाही. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ जास्तीची आहे: काउंटरवेट नाही, याची नोंद घ्यावी.