तात्पर्याला बंदी

दूर हिंदी मुलखात, पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सुचेता डबीर राहायला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांपेक्षा मराठी मासिकंच जास्त होती. सांगलीच्या कॉलेजात मराठी घेऊन ती बी.ए. झाली होती. एम.ए. करायचं होतं, तोवर लग्न ठरलं आणि ते राहून गेलं. नवरा श्रीकांत कारखान्यात इंजिनीयर. माणूस सरळ, कष्टाळू, पण घरी आला की तोंडापुढे पेपर धरून बसणारा. शेजारच्या शर्माभाभी मायाळू होत्या. मात्र सुचेताचं हिंदी भाजीवाल्यापाशीच संपायचं. मराठी मंडळ गणपतीत आणि संक्रांतीला भरे. तिथे बायका एकमेकींच्या नवऱ्यांच्या प्रमोशनची चौकशी करत आणि वाटल्या डाळीला नावं ठेवत. एखाद्या गोष्टीविषयी, पुस्तकाविषयी बोलायला जीव आसुसला, तर समोर कोण? भिंत. दहा वर्षं ही बाई मनातल्या मनात बोलत राहिली.

मग अलका, तिची एकुलती एक लेक, आठ वर्षांची असताना सांध्यांच्या तापानं आजारी पडली. ताप हृदयावर गेला. डॉक्टरांनी पळणं, जिने, शाळा, सगळंच बंद केलं आणि दोनेक वर्षं घरीच शिकवा म्हणून सांगितलं. सुचेता रडली, देवाला नवस बोलली, रात्र रात्र लेकीच्या उशाशी बसली. पण पोरीच्या जिवावरचं टळलं आणि घरात धडे सुरू झाले, तशी ती सुखात होती. हे सुख कोणाला सांगायची सोय नव्हती.

गणित श्रीकांत रविवारी घ्यायचा. वाचन सुचेताचं. सुरुवातीला तिनंही रीतीप्रमाणे गोष्ट वाचून घ्यायची आणि शेवटी तात्पर्य विचारायचं, असंच चालवलं. अलका गोष्ट संपायच्या आतच घडाघडा सांगून मोकळी व्हायची. खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं. एके दिवशी सुचेता भडकली.

"आजपासून तात्पर्य बंद. गोष्ट न वाचतासुद्धा सांगता येतं ते."

"मग काय सांगू?"

"कोणाला काय हवंय ते सांग. बोलून दाखवत नाही ते ओळख. आणि कशावरून, तेही सांग. नुसतं वाटतं म्हणून चालायचं नाही."

ट्रंकेतली मासिकं पलंगावर आली. एका गोष्टीतले मामा भाचीला स्टेशनवर पोचवायला येतात आणि गाडी सुटेपर्यंत सुरईसारख्या खुज्यातल्या पाण्याखेरीज दुसरं काही बोलत नाहीत. अलका म्हणाली, "मामांना ती जायला नकोय."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण खुजा भरलेला दिसतोय, तरी ते पुन्हा पुन्हा पाण्याचंच विचारतायत."

सुचेतानं पोरीला जवळ ओढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी कोणीतरी बोललं होतं. त्यानंतर दुपारी त्या दोघी भांडभांड भांडायच्या, कधी गोष्टीतल्या सुनेवरून, कधी पोस्टमनवरून. श्रीकांत पेपराआडून म्हणायचा, "परीक्षेत हे विचारणार आहेत का?" दोघी पुढचं पान उलटायच्या.

अलका बरी झाली. डॉक्टरांनी हसत हसत शाळेला परवानगी दिली. सुचेतानं देवापुढे साखर ठेवली आणि गणवेशाचं कापड आणलं. ज्याला त्याला सांगत सुटली, "आता मी मोकळी. दुपारी जरा आडवी होईन." फ्रॉक शिवून झाला. खालची दुमड तिला वाकडी वाटली, उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

शाळेत मुख्याध्यापिकेनं, बडी बहनजींनी, प्रवेशासाठी अलकाला समोर बसवलं, हिंदीतली एक गोष्ट वाचायला दिली आणि प्रश्न विचारले. अलका गप्प. एकालाही उत्तर नाही. बहनजी दारापर्यंत आल्या आणि तिथे उभं राहून ऐकणाऱ्या सुचेताला म्हणाल्या, "बच्ची अभी तैयार नहीं है. एक साल और घर पर पढ़ाइए."

सुचेताला आनंद झाला. नुसता बरं वाटण्यापुरता नाही, चांगला उकळ्या फुटणारा आनंद. मान खाली घालून ती लेकीला घेऊन फाटकापर्यंत आली. तिथे तिला राहवलं नाही.

"येत होतं ना तुला? मग बोलली का नाहीस?"

"तुला मी शाळेत जायला नकोय."

"कशावरून?" सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

"दुमड सरळच होती, आई. मी पट्टी लावून पाहिली."

सुचेता फाटकाला धरून उभी राहिली. पोरगी बरोबर वाचत होती, आणि आता 'चल घरी' एवढंच म्हटलं की झालं. त्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली आणि पोरीची भीती.

"बरोबर ओळखलंस," ती म्हणाली. "मला नकोच आहे. पण ओळखायचं तेवढं ओळखायचं. माझ्यासाठी मुकं राहायचं नाही."

मनगट धरून तिनं अलकाला पुन्हा आत नेलं. बहनजींसमोर तिचं भाजीवाल्याचं हिंदी उभं राहिलं. "इसको सब आता है, बहनजी. ये मेरे वास्ते चुप बैठी. मैं घर में अकेली रहती ना. फिर से पूछो."

बहनजींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. दाराआडून अलकाचा आवाज येत होता. शर्माभाभींच्या मुलांकडून उचललेल्या भरभर हिंदीत ती त्या गोष्टीविषयी बोलत होती, बहनजींशी वाद घालत होती. सुचेताला त्यातलं निम्मंच समजलं.

जुलैत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी अलका घरी आली ती बोलतच. नवी मैत्रीण, तिचा डबा, वर्गातली खिडकी, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. दूध पिता पिताही तोंड चालू. सुचेता समोर बसून ऐकत होती. सकाळपासून ती दोनदा रडली होती आणि डोळे चांगले सुजले होते. अलकानं तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दूध संपवून ती शर्माभाभींच्या मुलांना शाळेचं सांगायला पळाली.

असंच व्हायला हवं होतं. सुचेता रिकामा पेला हातात घेऊन बराच वेळ तिथेच बसून राहिली.