खिडकीचा नंबर

लहान मुलांच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक काचेची खिडकी लागते. मुलाला घेऊन सिस्टर आत पळतात आणि त्याचं नाव, वय, वजन, अ‍ॅलर्जी सांगायला घरचं कोणीतरी या खिडकीशी येतं. तिथे बसायच्या त्या खिडकीताई. त्यांना खरं नाव होतं, पण हजेरीच्या मशीनखेरीज ते कोणी वापरत नसे.

मी त्यांच्या हाताखाली लागले आणि पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. पेन इथेच, खुर्ची अशीच, फोन तिसऱ्या घंटीच्या आत उचललाच पाहिजे. डबा खायच्या तोही भिंतीकडे तोंड करून. एकदा म्हटलं, "ताई, इकडे वळा ना, गप्पा मारत जेवू." तर म्हणाल्या, "जेवताना बोलायची सवय नाही मला." सवय कुठून असणार! आई गेल्यापासून घरी बोलायला भिंतीच होत्या. आईच्या आजारपणात भावाशी बिनसलं, ते बिनसलंच. लग्नाचं विचारायची तर आमच्यात कोणाची छाती नव्हती.

पण काचेपलीकडे कोणी येऊन उभं राहिलं की बाई वेगळीच. येणाऱ्याला पोटच्या पोराची जन्मतारीख आठवत नसायची. एका बापाने तर घाबरून स्वतःचीच सांगितली. "एवढं मोठं बाळ आम्ही घेत नाही हो," ताई म्हणाल्या, आणि तो माणूस रडता रडता हसला.

"सोबत कोण आहे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आईबापांखेरीज आणखी एका माणसाचा नंबर लिहावा लागतो, वॉर्डातून गरज पडली तर लावायला. पुष्कळ बायका एकट्याच आलेल्या असतात. नवरा कामावर, माहेर दूर, शेजारणीचा नंबर पाठ नाही. अशी बाई गप्प झाली की ताई सरळ खिडकीवरच्या फोनचा नंबर टाकायच्या. "तुमचं कोणी येईपर्यंत आम्ही आहोत," एवढंच म्हणायच्या. नियमात हे कुठेच बसत नव्हतं. मग ऐन गर्दीत फोन वाजायचा: आई औषधं आणायला गेलीय आणि पोराने वॉर्ड डोक्यावर घेतलाय. ताई खिडकी माझ्या गळ्यात मारून वर पळायच्या. मी चिडायचे. "साऱ्या जगाची नातीगोती कशाला अंगावर घेता?"

"नंबर दिलाय ना? मग उचलायला नको?" हे त्यांचं उत्तर.

गेल्या वर्षी त्या मधूनच पोट धरून बसायला लागल्या. विचारलं की "पित्त" म्हणायच्या. दवाखान्यातल्या माणसाइतकं दुखणं लपवायला दुसऱ्या कोणाला जमत नाही. मग एक दिवस त्यांनी चक्क रजा मागितली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "भावाकडे जातेय," ताई म्हणाल्या. "त्यानेच बोलावलंय. भाची आहे छोटी." आम्हाला कोण आनंद! सिस्टरनी भाचीसाठी चॉकलेटचा डबा आणला, वॉचमनकाकांनी बॅग गाडीत नेऊन ठेवली. जाताना ताई खिडकीची काच पुसून गेल्या. मला मनापासून बरं वाटलं. बाईला शेवटी कोणीतरी घरच्या माणसाने हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी एक आजोबा नातवाचं वजन आठवत उभे होते, तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने लगेच उचलला.

"आमच्या एका पेशंटने हा नंबर दिलाय," पलीकडची मुलगी म्हणाली. मोठ्यांच्या दवाखान्यातून बोलत होती, तिथल्या अशाच खिडकीवरून. "पित्ताशयाचं ऑपरेशन आहे आणि सोबत कोणीच नाही. बाई म्हणतात, फोन करू नका, नुसता लिहून ठेवा. पण आम्हाला खात्री करावी लागते ना."

"कोण बाई?"

तिने नाव सांगितलं. ते कोणाचं, हे कळायला मला क्षणभर लागलं. खिडकीताईंचं!

"नातं काय लिहू?" मुलीने विचारलं.

मला भयंकर राग आला. भावाचा आला, आमच्या आनंदाचा आला, सगळ्यात जास्त ताईंचा आला. "बहीण लिहा," मी म्हटलं. "निघालेच मी." साहेबांना खुर्चीत बसवलं, फोन वाजला की उचलायचा म्हणून बजावलं आणि धावत सुटले.

ताई एका लांब बाकावर बसल्या होत्या. अंगात दवाखान्याचे कपडे, मांडीवर बॅग, बॅगेवर चॉकलेटचा डबा. दोन्हीकडच्या जागा रिकाम्या. काचेमागे ही बाई मला केवढी मोठी वाटायची! त्या बाकावर इतकी लहान दिसत होती की मला रडूच आलं.

"भाऊ कुठेय?"

"त्याचा नंबर लागत नाही. बदलला असेल."

"कधी लावला होतात?"

"लावते मधूनमधून."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुझी ड्यूटी होती." मग एकदम दचकून म्हणाल्या, "अगं, तू इथे, मग खिडकीवर कोण आहे?"

"साहेब."

"अगं बाई! कोणी एकटी आली तर त्यांना काय सुचणार आहे?"

चॉकलेटचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "सिस्टरना परत दे. भाची आता कॉलेजात असेल."

तेवढ्यात त्यांना आत न्यायला वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला. मी हात देऊन त्यांना वर चढवलं, पांघरूण नीट केलं. थिएटरच्या दाराशी आतल्या सिस्टरने कागदावरून नजर न उचलता विचारलं, "सोबत कोण आहे?"

मी शेजारीच उभी होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. तरी ताई सवयीने खिडकीचा नंबर सांगू लागल्या.