रांजणाच्या गळ्यातलं नख

हे मी कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, पोरीले तं नाहीच. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून कदाचित तोंड उघडून राहिलो. ओळखीच्या माणसापुढं माझ्या तोंडून हे निघालंच नसतं.

मी सानगडीचा कुंभार. बाजारात कोणालेही विचारा, घर दाखवून देईल. "बापाची विद्या पोरानं राखली," असं लोक म्हणतात अन् मी मान डोलावतो. वर्षानुवर्षं डोलावत आलो.

आमच्या पडवीत एक जुना रांजण आहे. गेल्या वर्षी माझी पोरगी पल्लवी तो धुऊन राहिली होती. भंडाऱ्याच्या कॉलेजात तिले घरच्या जुन्या वस्तूंचा माग काढून लिहायचं होतं. रांजणात हात घातला अन् थांबली. "बाबा, गळ्याच्या आतून नख रोवल्यासारखी खूण आहे. कोणाची?"

मले माहीत होतं. तरी मी म्हणालो, "आजोबाची. त्यांची सही होय ते."

कशी पटकन निघाली ना थाप? जशी ओठावरच ठेवली होती! पण थांबा, आधी चाकाचं सांगतो, नाही तं तुम्हाले वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय.

आमच्यात बाईमाणूस माती तुडवते, माठ रंगवते, पण चाकाले हात लावत नाही. मी लहान असताना बाबाचे हात थरथरायले लागले. गावाले कळू दिलं नाही. दार लावलेलं, बाबा खाटेवर, अन् चाकावर — माझी मोठी बहीण सुमन. आम्ही तिले बाई म्हणतो. तिचं लग्न होईपर्यंत साऱ्या गावानं तिच्या हातच्या माठातलं पाणी पिलं अन् नाव बाबाचं घेतलं. कळलं असतं तं लग्नाची मडकी आमच्या घरून कोणी नेली नसती, बाईले स्थळही आलं नसतं. तेव्हा लपवलं ते लपवलं. त्याची कबुली मी देऊन राहिलो नाही. मी आताची देऊन राहिलो.

भांडं चाकावरून उतरवायच्या आधी ती डाव्या अंगठ्याचं नख गळ्याच्या आतून दाबायची. बाहेरून कोणाले दिसू नये असं. काहून करते, म्हणून मी एकदा विचारलं. नुसती हसली. अन् मले चाक कोणी शिकवलं? तिनंच — माझ्या हातावर हात ठेवून. बाबानं नाही.

तं पल्लवी माग काढत फिरली. पार लाखनीपर्यंत गेली. ज्याच्या घरी जुनी भांडी, तिथं गळ्यात बोट घालून पाहायची. खूण सापडली की वहीत लिहायची, आजोबांचं. बाईचं एकेक भांडं शोधून पोरगी ते बाबाच्या नावावर चढवून राहिली होती, उन्हातान्हात, अन् मी तिले पाण्याची बाटली भरून देत होतो.

राखीले बाई चिखल्याहून आली. भाऊजी तिथं खाणीत होते, आता नाहीत. पल्लवीनं मोठ्या हौसेनं तिचा हात धरून रांजणात घातला. "आत्या, पाहा, आजोबांची सही!"

आत तिचा अंगठा कुठं गेला ते मले दिसलं नाही. तिचं तोंड दिसलं. आधी उजळलं. मंग तिनं माझ्याकडं पाहिलं अन् पाहतच राहिली. ती वाट पाहत होती हो.

आता कोणाची भीती होती? बाबा गेले, जातीतले जुने पंच गेले, बाईच्या लेकरांची लग्नं कधीच आटोपली. "ही खूण बाईची आहे" — एवढंच तं म्हणायचं होतं! पण मंग पल्लवीनं विचारलं असतं, बाबा, तुम्हाले कोणी शिकवलं? बहिणीपासून चाक शिकलेला कुंभार. मले त्याची लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. तुम्हीही माझ्यासाठी शोधू नका.

अन् मी गप्प तरी बसलो का? नाही. मी म्हणालो, "बाई, बाबाचा हात कसा होता, सांग ना पोरीले."

बाईनं हात बाहेर काढला, पदराले पुसला. "लई साफ हात होता, बेटा," म्हणाली. दोन दिवस राहणार होती. जेवण झाल्याबरोबर म्हणाली, मले बसस्टँडवर सोडून दे.

पुढं कॉलेजात ती भांडी मांडली. समोर कार्ड — बाबाचं नाव, त्याखाली त्यांचा शिष्य म्हणून माझं. गळ्यात हार घालून मी फोटो काढून घेतला. कार्डाचा मजकूर पल्लवीनं मले आधी दाखवला होता, सारं बरोबर आहे ना म्हणून. मी चष्मा लावून वाचला. बाबाच्या नावातली एक वेलांटी तेवढी सुधारून दिली.

यंदा राखी पोस्टानं आली. पल्लवी म्हणाली, आत्या काहून नाही आली? मी म्हणालो, तब्येत बरी नसेल. मंग ती राखी तिनंच माझ्या हाताले बांधायले घेतली, अन् मी हात पुढं केला.